पुलाच्या अलीकडं

विश्रामबाग, सांगली
१६ नोव्हेंबर

अंके,

पाकीट बघून दचकू नको, कुणाचं काही झालेलं नाही. पोस्टमन दारात आला की काकी आधी हात जोडते, मग सही करते. तू तसली नाहीस म्हणून लिहितोय. तुझा फोन भरतीच्या अकॅडमीवाल्यांनी काढून घेतला, रविवारी सरांच्या फोनवरून बोलायचं तर फक्त आईबापाशी, तेही सर शेजारी बसलेले. मग चुलतभावानं करायचं काय? गेलो पोस्टात. तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावायचं हे मी काउंटरवर विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "शाळेत गेला होतास ना रे?" म्हटलं, जाऊन-येऊन होतो.

मलकापूरचं हॉटेल सोडलं. का ते विचारू नको, हायवेपासून सुरू होईल आणि गोव्यापर्यंत जाईल. सध्या तात्यांच्या खोलीवर आहे. तुझा बाप फौजेतून सुटला पण फौज त्यांच्यातून सुटली नाही. अंथरुणाची घडी अशी घालतात की तिच्या कडेनं भांग पाडून घ्यावा. कॉलेजच्या गेटवरची सिक्युरिटी बरी चाललीय, पोरं घाबरतात. मला आल्या आल्या म्हणाले, "काम धर, न्हाईतर गावाकडची गाडी धर." मी काम धरलं.

काम कसलं म्हणशील तर कॉलेजच्या मागं शौनकदादांचं गेमचं दुकान आहे. टीव्ही, खुर्च्या, पोरं, आणि पोरांच्या सॉक्सचा वास. दादांनी नवीन कन्सोल आणलाय. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, तुला माहीत असेल, तरी सांगतो. तो आणला कशासाठी, तर 'लास्ट पिकेट'चा सातवा भाग फक्त त्याच डब्यावर चालतो. जुन्या डब्यावर नाही, कॉम्प्युटरवर नाही. ज्योतिबाचं दर्शन पाहिजे तर डोंगर चढा, तसलं. अख्ख्या विश्रामबागेत तो डबा आमच्याकडंच. पहिल्या दिवशी पोरांची रांग जिन्यापर्यंत, आणि आठवडा झाला नाही तोवर खुर्ची मोकळी.

कारण सातही भाग एकच गं. तू म्हातारा सार्जंट, बरोबर एक नवा रंगरूट, बर्फातनं चालायचं, शेवटी पूल लागतो, पुलावर रंगरूट मरतो. मग सार्जंट खवळतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो. शिळ्या भाकरीला दरवेळी नवी चटणी. ह्या वेळची चटणी म्हणजे रंगरूट मुलगी केलीय, नोरा. पूल दिसला की पोरं म्हणतात, "आली मरायची जागा," आणि फुटबॉल लावतात.

काल तात्या जेवायला हाक मारायला दुकानात आले. मी खेळून दाखवत होतो. उभे राहून बघत बसले. म्हणाले, "ही कोण रं?" म्हटलं, नवीन भरती झालेली पोरगी. "फुडं?" मी भडंग खात होतो, खाता खाता म्हटलं, मरते. मला जेवायला बोलवायचं विसरून तसेच जिना उतरले.

असो. तुझं पळणं कसं आहे ते कळव. इथं रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, झोप नाही.

तुझा,
जया


सातारा
२२ नोव्हेंबर

जयादादा,

पाकीट सरांनी उजेडात धरून बघितलं. आत काही खायचं नाही म्हटल्यावर दिलं.

गेमचं पानभर लिहिलंस आणि तात्यांचं चार ओळी. उलटं लिहायला पाहिजे होतंस. कारण तुझ्या पाठोपाठ तात्यांचं पत्र आलंय. तेच जसंच्या तसं लिहिते: "अंकिता, भरतीचं राहू दे. सामान आवरून ठेव. रजा मिळाली की न्यायला येतो. आईला कळवू नको. लालासाहेब." खाली सही पूर्ण नावाची, हजेरीपटावर करतात तशी.

दादा, काय झालंय तिकडं?

तुला माहीत आहे, दिवाळीत आत्यानं कोरेगावचं स्थळ आणलं होतं. ऊस, ट्रॅक्टर, एकुलता एक. तेव्हा तात्यांनीच पाटावरनं उठून सांगितलं, "आधी तिची वर्दी, मग बाकीचं." गावात सगळे म्हणत होते, पोरगी मिलिटरी पोलिसात जाऊन काय दिवे लावणार. तात्या एकटे उभे राहिले माझ्या बाजूनं. मला इथं आणून सोडलं तेव्हा गेटवर त्यांनी सरांना सलाम ठोकला आणि सर लाजले. आता तेच तात्या "राहू दे" म्हणतात? माझं मैदान, म्हणजे भरतीची पळण्याची परीक्षा, फेब्रुवारीत आहे. ह्या वेळी चुकलं तर पुढच्या वर्षी लग्न आधी आणि भरती नंतर, आणि नंतर म्हणजे कधीच नाही, हे तुलाही माहीत आहे.

आईला कळवू नको का लिहिलं असेल? स्थळाचं असतं तर आईला आधी कळलं असतं. की आई रडेल म्हणून?

हल्ली मी कान गेटकडं ठेवून पळते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की वळून बघते. काल त्याच्यामुळं माझा वेळ घसरला. सर म्हणाले, "अंकिता, मागून कुत्रं लागलंय असं पळ, कुत्रं शोधत पळू नकोस." सगळ्या हसल्या.

तू त्यांच्या खोलीत राहतोस. विचार. आणि ह्या वेळी फक्त तेवढंच लिही.

अंकिता


सांगली
२७ नोव्हेंबर

अंके,

स्थळाचं काही नाही. खरंच नाही. आत्या आल्या नाहीत, कोरेगावचं कुणी आलं नाही, फोन पण नाही. ती भीती काढून टाक.

आता दुसरं. तुला सांगण्यासारखं आहे पण सांगता येत नाही. तात्यांनी माझ्याकडून ज्योतिबाची शपथ घेतलीय. मी साध्या शपथा मोडतो, तुला माहीत आहे, पण ही घेताना त्यांनी माझा हात धरला होता आणि त्यांचा हात गार होता. सांगलीला थंडी नाही अजून.

इथं काल एक गंमत झाली. उसाची ट्रॉली चौकात अडकली आणि पोरांनी मागनं ऊस उपसला, तर ड्रायव्हरनं गाणं बंद न करता खाली उतरून... जाऊ दे. तू म्हणालीस तेवढंच लिही.

तात्या जेवत नाहीत नीट. भाकरी मोडतात आणि ठेवतात. ड्यूटी सुटली की खोलीवर येत नाहीत, दुसरीकडं जातात, आणि कुठं जातात ते मला माहीत आहे. ते वाईट ठिकाण नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. पण मला बघवत नाही. काल त्यांनी मला विचारलं, "अंकीची उंची आता किती आसंल रं?" मी म्हटलं, का? म्हणाले, "उगंच." आणि हवेत हात धरून बघत राहिले, हिथवर का हिथवर.

तू सामान आवरू नको. पण त्यांना उलट पत्रही लिहू नको. मला थोडा वेळ दे.

जया


सातारा
१ डिसेंबर

दादा,

तू वेळ मागतोस आणि मी इथं मरतेय.

काल रविवार. सरांच्या फोनवरून तात्यांशी बोलले. सर शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, तात्या, बरे आहात ना? म्हणाले, "मला काय धाड भरल्या? तू बरी हायस न्हवं?" मग एकदम विचारलं, "तुमास्नी पळवायला कुठं न्हेत्यात?" मी म्हटलं, मैदानावर, आणि रविवारी लांब, माहुलीकडं. म्हणाले, "तिकडं पूल हाय."

मी म्हटलं, आहे की.

म्हणाले, "पुलावर जाऊ नगं."

एवढंच. फोन ठेवला. सरांनी वर्तमानपत्रावरून बघितलं आणि विचारलं, "काय म्हणतात हवालदारसाहेब?" मी म्हटलं, जपून पळ म्हणतात.

दादा, ते कुणा देवर्षीकडं जायला लागलेत का? कुणी त्यांना माझं काही सांगितलंय का? की डोक्याचं काही आहे? आमच्या बॅचमधल्या पल्लवीचे आजोबा असेच एक दिवस विहिरीला भ्यायला लागले आणि पुढं घरातल्यांना ओळखेनात. मी काल फोननंतर लांबच्या पळण्याला गेले आणि पुलाच्या आधी थांबले. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. पोटात काही दुखत नव्हतं. माझे पायच पुढं जाईनात. त्यांची भीती मला कशाची आहे ते न कळताच लागली.

तुझ्यावर ज्योतिबाची शपथ आहे, तर आता माझी घे. ज्योतिबा समजून घेईल. मी घेणार नाही.

अंकिता


सांगली
६ डिसेंबर

अंके,

शपथ मोडली. सगळं सांगतो, आणि मध्येच कुठं गेलो तर मला मागं ओढून वाच.

तात्या शौनकदादांच्या दुकानात येतात. गेम खेळायला. हसू नको.

मी नोरा मरते म्हणून सांगितलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गणवेशातच आले आणि मला म्हणाले, "मला बसीव." रिमोट हातात दिला. पहिल्यांदा सार्जंट भिंतीला धडकत होता, पोरं हसत होती, "आजोबा, पळा की!" तात्या म्हणाले, "पळून कोण मोर्चावर जातं रं, येड्या?" आणि काय चालले गं ते. दगडाआड थांबून, उजवं-डावं बघून, मागं वळून पोरगी येते का बघून. असं खेळताना मी कुणाला बघितलं नाही. आम्ही सगळे धावत सुटतो. ते तिला घेऊन चालत होते.

मग पूल आला. लाकडी, खाली दरी. नोरा थांबते, हातावर फुंकर मारते, वळून विचारते, "रेडी, सार्ज?" तात्यांनी अंगठा उचलला.

"हिथंच व्हय?"

म्हटलं, व्हय.

"कशावरनं?"

आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. मला वाटलं, एकदा तरी तात्यांपुढं आपल्याला काहीतरी येतंय. जुना डबा काढला, सगळे जुने भाग लावले आणि सहाच्या सहा पूल ओळीनं दाखवले. हा बघा, हा गेला. हा बघा, हा पण. पोरं मागनं टाळ्या देत होती. म्हटलं, सातव्यात पण तेच असणार तात्या, हे लोक नवीन काही करतच नाहीत, म्हणून तर सगळे कंटाळलेत.

तात्या कंटाळले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "फौजेत एक कायदा हुता आमच्यात. खबर एकदा आली तर ऐकून घ्याची. दुसऱ्यांदा आली तर सायबाला सांगायची. तिसऱ्यांदा तीच आली तर खरी मानून हलायचं. ही सहांदा आलीया." मी म्हटलं, तात्या, हा गेम आहे. तर म्हणाले, "बनवणारा काय येडा हाय, एकच गोष्ट सहांदा बनवायला? त्यानं कुठंतरी म्हाईत काढूनच बनीवलं आसंल. जी नवीन आस्ती, ती पुलावर जाती." आणि जरा थांबून, "आपली अंकी बी नवीनच न्हवं?"

तेव्हा मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत.

तेव्हापासून रोज ड्यूटी सुटली की येतात आणि पुलाच्या अलीकडं बसून राहतात. खेळत नाहीत. रिमोट मांडीवर. नोरा बर्फात पाय आपटते, फुंकर मारते, मधूनच विचारते, "रेडी, सार्ज?" तात्या हळूच म्हणतात, "थांब." ती थांबते. पुन्हा विचारते. "थांब म्हटलं की गं." अंके, त्या आवाजात तुझ्याशी बोलतात. परवा एका पोरानं चुकून फुटबॉल लावला. दुसरा गेम लावला की हा पूल जातो, परत पायथ्यापासून चालावं लागतं. तात्या खुर्चीत बसले आणि सगळी वाट पुन्हा चालले, तिला पुलापर्यंत आणली आणि थांबवली. वर पंखा फिरत होता आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो घाम बघून मी भ्यालो.

शौनकदादा बरे आहेत. म्हणतात, "बसू दे त्यांना, हा गेम तसाही कुणी मागत नाही." पण मला म्हणाले, "जयराज, हे बरं लक्षण नाही हं. घरी कळव." कळवू कुणाला? काकीला सांगायचं नाही ही पण शपथेतच होती.

त्यांनी रजा मागितलीय. मिळाली की तुला न्यायला येतील. म्हणतात, "मीच तिला धाडली. आता मीच आडवली पायजे."

जया


सातारा
११ डिसेंबर

जयादादा,

आधी मी हसले. खूप हसले. पल्लवीनं विचारलं काय झालं, तिला सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण "थांब म्हटलं की गं" हे मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं. मी लहान असताना रस्ता ओलांडताना ते असंच म्हणायचे.

लग्नाचं असतं तर बरं झालं असतं. स्थळाशी भांडायची मी तयारी केली होती. काय बोलायचं ते रोज पळताना पाठ करत होते. आता भांडू कशाशी? मी त्यांना काय सांगू, की मला काही होणार नाही? ते स्वतः फौजेत होते. त्यांना असलं कोण सांगणार?

आणि तुला म्हणून लिहिते, मलाही भीती वाटते. रोज वाटते. फलटणची एक मुलगी परवा बॅग घेऊन गेली, कुणी काही विचारलं नाही, आणि मला तिचा हेवा वाटला. हे मी तात्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटतं मी भीत नाही, आणि त्यांना तसं वाटतं म्हणून मी भीत नाही. आता तेच भ्यायला लागल्यावर मी कुणाच्या जिवावर उभी राहू?

ते न्यायला आले तर मी जाईन, दादा. तात्यांना नाही म्हणणं मला जमणार नाही, सगळ्या मुलींसमोर तर नाहीच.

पण एक विचारते. सहा भागांत रंगरूट मेले, ते तू बघितलंस. सातव्यात ती मेलेली तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस का? तुझं पहिलं पत्र मी परत वाचलं. पूल दिसला की पोरं फुटबॉल लावतात, असं तूच लिहिलंयस. मग बघितलं कुणी? तू सातवीत सहामाहीला गणितात नापास झालास आणि वार्षिकला बसलाच नाहीस. म्हणालास, निकाल माहीत आहे. तसलं तर हे नाही ना?

बघून सांग. पण एकटाच बघ. आणि ती खरंच मेली तर मला कळवू नको.

अंकिता


सांगली
१८ डिसेंबर

अंके,

हे पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहितोय.

तात्या आज सकाळच्या एसटीनं साताऱ्याला निघाले. जायच्या आधी दादांना दुकान उघडायला लावलं, मला खुर्चीत बसवलं, स्क्रीनवर पूल, पुलाच्या अलीकडं ती. म्हणाले, "मी अंकीला घेऊन येस्तवर जागा सोडायची न्हाई. हिला फुडं जाऊ द्यायची न्हाई. तू न्हेमी पळणारा हायस, आज बस." मी म्हटलं, व्हय. मी आयुष्यात एका जागी एवढा कधी बसलो नव्हतो.

बसल्यावर काय होतं माहीत आहे का? माणूस बघायला लागतो. तिच्या टोपीखालनं एक बट बाहेर आलीय. डाव्या बुटाची नाडी सैल आहे. कुणीतरी हे सगळं बसून बनवलंय आणि आम्ही पोरं भडंग खात "आली मरायची जागा" म्हणत होतो. ती दर थोड्या वेळानं विचारते, रेडी, सार्ज? तुझं पत्र खिशात. दादा काउंटरवरून म्हणाले, "काय राखणदार, चहा घेणार?" मी नको म्हटलं. मी चहाला नको म्हटलं, ह्यावरून समज.

मला भीती वाटत होती की ती मरेल आणि मी तात्यांची जागा सोडली म्हणून मरेल. मग वाटलं, बस पुढं चाललीय आणि मी इथं ऐकीव गोष्टीवर बसलोय. खबर सहांदा आली म्हणतात तात्या, पण सातवी खबर दिली कुणी? मी. न बघता. यूट्यूबवर पण कधी बघितलं नाही, म्हटलं त्यात काय बघायचं.

अंगठा पुढं केला.

ती पुलावर पाय टाकते. सार्जंट तिला मागनं पट्ट्याला धरून ओढतो. मी काही दाबलं नव्हतं, तो आपणहून ओढतो. तिला मागं ढकलतो आणि स्वतः पुढं जातो. मध्यावर गेला आणि आवाज झाला. पडला. स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, मी हरलो, आता परत पायथ्यापासून. पण उजेड आला तर समोर हात होते, आणि ते हात सार्जंटचे नव्हते. बारीक हात. मी अंगठा हलवला, तर नोरा हलली. मागची पोरं उठून आली, "आयला, हे कुणाला माहीतच नव्हतं." आता खेळ तिचा आहे, अंके. ती त्याची बंदूक उचलते आणि पूल ओलांडते. एकटी.

ती जगते. पण सार्जंट मरतो, आणि सार्जंट म्हणजे तात्या. एवढे दिवस ते त्याच्या अंगात बसून चाललेत. आता एसटीत बसलेल्या माणसाला फोन करून सांगू काय, की तात्या, पोरगी वाचली, तुमी मेलात?

तरी लावला. मी एका दमात बोललो. त्यांनी परत बोल म्हटलं, मी परत बोललो. मागं कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, तुझ्या सरांची असेल. मग फोन कट झाला. तेव्हापासून उचलत नाहीत.

मी बरं केलं का वाईट, ते तूच लिही.

जया


सातारा
२२ डिसेंबर

जयादादा,

तात्या एकटेच परतले हे तुला त्याच दिवशी दिसलं असेल. इथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

आम्ही फेऱ्या मारत होतो. मी वळणावर आले तर दोरीपाशी तात्या उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. सर पुढं गेले, "जय हिंद, हवालदारसाहेब." तात्या म्हणाले, "पोरीला नेतो." सर माझ्याकडं बघायला लागले. मी फेरी अर्धी सोडून दोरीबाहेर आले. खोलीत गेले, बॅग भरली. पल्लवी दारात उभी होती, तिनं माझे वाळत घातलेले मोजे आणून दिले. तेवढ्यानं मला रडू आलं.

तात्यांनी बॅग खांद्याला लावली. आम्ही गेटपर्यंत आलो आणि त्यांचा फोन वाजला.

मी त्यांच्याकडंच बघत होते. आधी म्हणाले, "तू जागा सोडलीस?" मग ऐकत राहिले. "परत बोल." मग, "सार्जंट? पुलाच्या मधी?" मग आवाज एकदम बारीक करून, "आन पोरगी?" बॅग खांद्यावरून घसरून कोपरावर आली, त्यांना कळलं नाही. "एकटी? ... बंदूक उचलली का तिनं?"

फोन बंद करून खिशात ठेवला. गेटच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणायला वळले तर म्हणाले, "खबर चुकीची हुती."

मला तुझ्या पत्रातलं सगळं माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, कसली खबर? म्हणाले, "जायचा त्यो म्हातारा. पोरगी फुडं जाती." आणि हसले, दादा. गालातल्या गालात नाही, चांगले दात दाखवून हसले. "मंग काय हरकत न्हाई. आसंच पायजे. उलटं नगं." बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, कवायत चुकंल. आन नाडी बांध आधी."

सरांकडं चहा मागून घेतला. मेसमध्ये जेवले, दोनदा आमटी वाढून घेतली. सरांना सांगत होते, पोरीची दमछाक काढा, दयामाया दाखवू नका. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, लांबून दिसत होतं. निघताना मी विचारलं, "तात्या, म्हातारा गेल्यावर ती काय करती?" म्हणाले, "चालती. दुसरं काय करणार?" आणि रिक्षात बसले.

मी थांबले इथं. मैदान देणार. तू बरं केलंस.

पण आता तुला एक सांगायचंय. तू सांगली सोडू नको. भटकायचंय ते फेब्रुवारीनंतर भटक. ड्यूटी सुटली की तू गेटवर जा आणि त्यांना खोलीवर घेऊन ये. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात असं तूच लिहिलंस, आणि ते रस्ता ओलांडताना कुणासाठी थांबत नाहीत. भाकरी मोडून ठेवतात का खातात ते बघ. हात गार असतात का बघ. त्यांना काही विचारू नको, नुसतं बघ.

गेटवर हॉर्न वाजला तर आता मी वळून बघत नाही. माझा वेळ सुधारलाय. काल लांबच्या पळण्यात मी माहुलीचा पूल सगळ्यांच्या आधी ओलांडला आणि सरांनी नाव घेतलं.

मग आल्यावर सरांच्या फोनवरून तात्यांना लावला. वाजला, वाजून थांबला. परत लावला. सर म्हणाले, "नंतर लाव, पुढचीला दे." मी फोन दिला नाही. परत लावला. माझ्या मागं मुलींची रांग होती आणि मला कुणी दिसत नव्हतं. शेवटी उचलला. म्हणाले, "दाढी करत हुतो की गं. काय झालं?"

पलीकडं नळाचं पाणी पडत होतं, ते मध्येच खाकरले, आणि मी फोन कानाला दाबून नुसती उभी होते. मागून पल्लवी म्हणाली, "बोल की गं. तुझा बापच हाय न्हवं?"

अंकिता